दोनशे गजांतील बाग

जयपूरचा जुना गुलाबी तट मागे टाकून टोंक रस्त्याने सांगानेरच्या दिशेस निघाले म्हणजे दुर्गापुऱ्याच्या अलीकडे उजव्या हातास एक रुंद रस्ता फुटतो. हाच गोपालपुरा बायपास. जिथे पूर्वी शेते होती तिथे आज स्पर्धापरीक्षांच्या शिकवणी-वर्गांच्या पाट्या, विद्यार्थ्यांची वसतिगृहे आणि त्यांच्या मागच्या गल्ल्यांतून एकास एक लागून उभी असलेली घरे आहेत. इकडे जमीन गजांत मोजतात. २०० गजांचा भूखंड म्हणजे १,८०० चौरस फूट. बहुधा ३० फूट रुंद आणि ६० फूट लांब. त्यावर घर उभे राहिले की पुढे पंधरा फुटांची एक पट्टी उरते आणि मागे धुण्याभांड्यापुरते अंगण. बागेची हौस असलेल्या गृहस्थाला आपली सारी हौस या पट्टीतच भागवावी लागते.

बदलीच्या निमित्ताने किंवा व्यवसायासाठी येथे येऊन स्थिरावलेले मराठी कुटुंब असेल, तर या पट्टीवर आणखी एक भार पडतो. साताऱ्याच्या किंवा रत्नागिरीच्या घरामागे जे जे होते ते ते सारे येथे असावे, असे घरातील वडीलधाऱ्या मंडळींना वाटत असते. सोनचाफा हवा, अनंत हवा, अबोली हवी, देवपूजेला पारिजातक तर हवाच. ही इच्छा हसण्यावारी नेण्यासारखी नाही. माणूस परगावी जातो तेव्हा भांडीकुंडी बरोबर नेतो, भाषा नेतो, सणवार नेतो. झाड मात्र त्याला नेता येत नाही. म्हणून जुलैत पहिला पाऊस झाला की तो रोपवाटिकेत जातो. तेथे त्याची फसगत होण्याचा संभव फार, कारण रोपवाटिकेत सगळीच रोपे सारखी दिसतात. तीन फुटांचा गुलमोहर आणि तीन फुटांचा पारिजातक यांच्यात त्या दिवशी उंचीचा काहीच फरक नसतो. वीस वर्षांनी पहिला शेजाऱ्याच्या गच्चीवर पसरलेला असतो आणि दुसरा खिडकीच्या उंचीवर थांबलेला असतो. न आवडलेली खुर्ची विकता येते. न शोभणारे झाड तोडले, तर त्याच्याबरोबर ती वीस वर्षेही जातात.

राजस्थान म्हणजे वाळवंट, असा एक समज महाराष्ट्रात दृढ आहे. जयपुरापुरता तो खरा नाही. हे शहर वाळवंटाच्या पूर्वेस, अरवलीच्या डोंगररांगांच्या आश्रयाने वसलेले आहे. येथे वर्षाकाठी सुमारे ६०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि पुण्याला सुमारे ७०० पडतो, हे ऐकून पुष्कळांना आश्चर्य वाटेल. मग पुण्यात सहज येणारे झाड येथे का करपते? पावसाचा आकडा येथे आपल्याला फसवितो. पुण्याच्या उन्हाळ्याला मेच्या अखेरीस वळवाच्या सरी शांत करतात. जयपुरात मे आणि जून हे दोन्ही महिने ‘लू’ वाहते, पारा ४५ अंशांपर्यंत आणि क्वचित त्याच्याही पलीकडे जातो. जवळजवळ सगळा पाऊस जुलै ते सप्टेंबर या तीन महिन्यांत आटोपतो. जमीन रेताड असल्यामुळे काळ्या मातीसारखा ओलावा धरून ठेवीत नाही. आणि ज्याला मे महिना भाजू शकला नाही त्याला जानेवारी गाठतो. थंडीच्या लाटेत रात्रीचे तापमान ३-४ अंशांपर्यंत उतरते आणि कोकणच्या दमट हवेत वाढणाऱ्या झाडांची कोवळी पाने एका रात्रीत काळी पडतात. येथे टिकणाऱ्या झाडाला दोन टोकांचे हवामान सोसावे लागते.

त्यातच पाण्याचा प्रश्न. शहराच्या ईशान्येस बाणगंगा नदीवर बांधलेला रामगढचा तलाव दशकानुदशके जयपूरची तहान भागवीत होता. १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांतील नौकानयनाच्या शर्यती याच तलावात झाल्या. पुढे त्याच्या पाणलोट क्षेत्रातील पाण्याच्या वाटा अडत गेल्या आणि या शतकाच्या आरंभी ज्या ठिकाणी नावा चालल्या तेथे कोरडी जमीन उघडी पडली. त्यानंतर २००९ पासून टोंक जिल्ह्यातील बनास नदीवरच्या बिसलपूर धरणाचे पाणी १०० किलोमीटरहून अधिक अंतरावरून नळांनी आणावे लागले. जमिनीखालचे पाणी उपसण्याचे प्रमाण तर मुरणाऱ्या पाण्याच्या फार पुढे गेलेले आहे, आणि अनेक कूपनलिकांचे पाणी क्षारयुक्त असते. म्हणजे गोपालपुऱ्यातील गृहस्थ बागेला जी नळी लावतो तिच्या दुसऱ्या टोकाला टोंक जिल्ह्यातील शेतकऱ्यांचेही धरण असते, किंवा शेजारच्या चार घरांच्या पायाखालची ओल असते.

या दृष्टीने हिरवळीचा हिशेब एकदा मांडून पाहावा. एक मिलिमीटर पाणी म्हणजे दर चौरस मीटरला एक लिटर. मे महिन्यात येथील उन्हात हिरवळ हिरवी ठेवायची तर दर चौरस मीटरला रोज ५ ते ६ लिटर पाणी द्यावे लागते. घरापुढील पट्टी सुमारे ४० चौरस मीटरांची धरली तर रोजचे २०० लिटरांहून अधिक झाले. शहरातील माणशी पाणीपुरवठ्याचे सरकारी प्रमाण दिवसाला १३५ लिटर आहे. तेव्हा ही हिरवळ दीड माणसाचे पाणी पिते, आणि एप्रिल ते जून या तीन महिन्यांत तिचा खर्च वीस हजार लिटरांच्या घरात जातो. याच्या उलट, नव्या लावलेल्या एका झाडाला आठवड्यातून तीन वेळा १५ लिटर पाणी दिले तरी तेवढ्याच काळात ६०० लिटरही लागत नाहीत. आणि ते झाड जर नीट निवडलेले असेल तर तीन वर्षांनंतर तेवढेही लागत नाहीत. हिरवळीवर संध्याकाळी खुर्च्या टाकून बसण्याचे सुख कोणी नाकारीत नाही. परंतु ते सुख मे महिन्यात कोणी घेतही नाही, कारण त्या दिवसांत सूर्यास्तानंतरही बाहेर बसवत नाही. लाल दगडाची फरसबंदी आणि तिच्या कडेने वाफे, ही येथील जुन्या वाड्यांची रीत अधिक शहाणपणाची होती.

आता मुख्य प्रश्न झाडाचा. ३० फुटांच्या पट्टीत एकच झाड वाढू शकते, फार तर एक मोठे आणि एक लहान. म्हणून त्याची निवड सुनेच्या निवडीइतकी गंभीरपणे करावी, असे एखादी आजी म्हणाली तर तिला दोष देता येणार नाही.

गुलमोहराचा मोह पहिल्याने पडतो. हे झाड मूळचे मादागास्कर बेटातले. त्याची मुळे उथळ आणि लाकूड ठिसूळ. पावसापूर्वी येथे धुळीची वादळे उठतात, तेव्हा गुलमोहराच्या फांद्या काडीसारख्या मोडतात, मग खाली मोटार असो वा माणूस असो. रुंद मैदानात तो डोळ्यांना सुख देतो. तीस फुटांच्या अंगणात तो धोक्याचा. कडुनिंब या हवेला अगदी मानवणारा, मार्च-एप्रिलमध्ये नवी पालवी फुटून ऐन मेमध्ये दाट सावली देणारा. पण त्याचा घेर घरापेक्षा मोठा. तो रस्त्याच्या कडेला लावावा आणि त्याची सावली सर्व गल्लीने घ्यावी. ज्याला रोपवाटिकेत ‘अशोक’ म्हणतात तो भिंतीसारखा सरळसोट वाढणारा वृक्ष खरा अशोक नव्हेच. सीतेचा अशोक निराळा, त्याला ओलावा व सावली हवी. हा उंच अशोक जागा थोडी घेतो हे खरे, पण ना फूल ना सावली. सातवीण, म्हणजे सप्तपर्णी, उत्तरेकडील शहरांतून अलीकडे रस्तोरस्ती लावली गेली. तिचा शरदातील उग्र गंध बंद खोलीत भरून राहतो, आणि दमेकऱ्यांच्या घरी तिच्याबद्दलच्या तक्रारी ऐकू येतात. कोनोकार्पस नावाचे एक परदेशी झाड झपाट्याने हिरवी भिंत उभी करते म्हणून फार खपले. त्याच्या मुळांचा जलवाहिन्यांना आणि परागकणांचा आरोग्याला होणारा उपद्रव लक्षात घेऊन गुजरात राज्याने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली. झटपट वाढ हा झाडाचा गुण आहे असे समजणारे गिऱ्हाईक या व्यापाराला नेहमीच मिळत राहते.

मग लावावे काय? बहावा लावावा. इकडे त्याला अमलतास म्हणतात. पहिली दोन-तीन वर्षे तो चिडीस आणील इतका सावकाश वाढतो, पण एकदा मूळ खोल गेले की कोणाकडे पाणी मागत नाही, आणि लू वाहत असताना, सारी सृष्टी मातकट झालेली असताना, पिवळ्याधमक घोसांनी लवून जातो. त्याचा एक दोष सांगितला पाहिजे: फुलण्याच्या सुमारास त्याची पाने झडलेली असतात, त्यामुळे ऐन एप्रिलमध्ये त्याची सावली विरळ असते. ज्याला पश्चिमेच्या भिंतीवर सावली हवी असेल त्याने कांचन निवडावा. तो फेब्रुवारी-मार्चमध्ये जांभळ्या-गुलाबी फुलांनी भरतो आणि उन्हे तापण्याच्या आत पानांनी झाकून जातो. उत्तरेकडे त्याच्या कळ्यांची भाजी करतात. त्याचे दुभंगलेले पान पाहून मराठी मुलांना आपट्याची आठवण होते, आणि ती आठवण चुकीची नाही. दोघे एकाच कुळातले भाऊ आहेत.

रोहिडा हे या भूमीचे स्वतःचे झाड. १९८३ पासून त्याचे फूल राजस्थानचे राज्यपुष्प आहे. वसंताच्या आरंभी पिवळी, केशरी आणि लाल अशा तिन्ही छटांची घंटेसारखी फुले त्याला येतात, कधी शेजारशेजारच्या दोन झाडांवर वेगवेगळ्या रंगांची. गंध नाही, पण रंग असा, की दुसऱ्या कशाची उणीव भासू नये. लाकूड इतके उत्तम की त्याला मारवाडचा साग म्हणतात, आणि त्या कीर्तीपायीच रानातील रोहिडे कमी होत चालले. घरच्या अंगणात त्याला जागा देणे हे म्हणूनही चांगले. त्याला मारणारी गोष्ट एकच, ती म्हणजे माळ्याची माया. रोज पाणी घातले तर रोहिडा कुजतो. नवल असे की या झाडाच्या माहेरातच ते रोपवाटिकेत मागितले तर विक्रेता कित्येकदा चमकून पाहतो. बागेत लावायचे ते बाहेरून आलेलेच असले पाहिजे, अशी समजूत दोन्ही बाजूंनी असते.

आणि खेजडी. हिचे नाव ऐकताच जोधपूरजवळच्या खेजडली गावाची आठवण व्हावी. १७३० मध्ये राजाचे लोक झाडे तोडण्यास आले तेव्हा अमृतादेवीच्या मागोमाग ३६३ बिष्णोई स्त्री-पुरुषांनी झाडांना मिठ्या मारून प्राण दिले, ती ही झाडे. राजस्थानचा राज्यवृक्ष हाच. परंतु मराठी माणसाला ही काही परकी नव्हे: महाराष्ट्रात जिला शमी किंवा सौंदड म्हणतात, पांडवांनी अज्ञातवासात जिच्या ढोलीत शस्त्रे लपविली असे आपण सांगतो आणि दसऱ्याला जिची पूजा करतो, तीच ही. साताऱ्यात शमीच्या फांदीसाठी बाजारात जावे लागते. येथे शेताच्या बांधाबांधावर ती उभी आहे, आणि तिच्या शेंगांची म्हणजे सांगरीची भाजी घरोघर होते. काट्यांमुळे लहान अंगणात तिला जागा देणे अवघड. घराला कुंपणाबाहेर थोडी जागा असेल तर मात्र लावावी. दसऱ्यापुरती घराची ओढ तिथे भागते.

या ओढीबद्दल थोडे अधिक बोलायला हवे. गावाकडच्या कोणत्या फुलांना येथे जीव धरता येतो आणि कोणत्यांना येत नाही, हे आधी समजले म्हणजे दुःख कमी होते. अनंताचे उदाहरण घ्यावे. त्याला आम्लधर्मी माती लागते. गोपालपुऱ्यातील माती आणि कूपनलिकेचे पाणी दोन्ही अल्कधर्मी. मातीत लोह असूनही मुळांना ते घेता येत नाही, आणि शिरा हिरव्या राहून पाने पिवळी पडू लागतात. गृहस्थ खतामागून खत घालतो, झाड अधिकच पिवळे होते. कुंडीत, पानांचे कुजलेले खत घातलेल्या मातीत, आणि गच्चीवरून साठविलेल्या पावसाच्या पाण्यावर तो जगू शकतो, जमिनीत नाही. सोनचाफा अगदीच येत नाही असे नाही, पण मे महिन्यात त्याची पाने कडेने भाजलेली पाहून रत्नागिरीच्या माणसाला वाईट वाटल्यावाचून राहणार नाही. अबोली थंडीत मान टाकते. ताम्हण हे महाराष्ट्राचे राज्यपुष्प, पण ओढ्याकाठी वाढलेले झाड. रेताड जमिनीत ते सतत तहानलेले राहते.

याउलट पारिजातक येथे सुखाने नांदतो. रोपवाटिकेत हारसिंगार म्हणून मागावा. उन्हाळ्यात तो मलूल दिसतो, पावसाबरोबर सावरतो, आणि भाद्रपदापासून कार्तिकापर्यंत पहाटे केशरी देठांचा सडा घालतो. जमिनीवर पडलेले फूल देवाला चालते असा अपवाद त्याच्याच वाट्याला आला आहे, तोही येथे पाळता येतो. मोगऱ्याला तर जयपूरचे ऊन पुण्याहून अधिक मानवते. हिवाळ्यात त्याचे पाणी तोडून छाटणी करावी. एप्रिलपासून ओंजळी भरतात. पांढरा चाफा, ज्याला देवचाफा म्हणतात, तोही सुखी. नावांच्या बाबतीत मात्र सावध असावे. तगर हवी असेल तर येथे ‘चांदनी’ म्हणावे लागते, जास्वंदीला ‘गुडहल’, कुंतीला ‘कामिनी’. आणि ‘चंपा’ म्हटले की सोनचाफ्याऐवजी देवचाफ्याचे खोड हाती पडते. पुष्कळांना हा घोटाळा पहिले फूल उमलेपर्यंत कळत नाही.

झुडपांविषयी फार सांगण्यासारखे नाही, कारण येथील चांगली झुडपे रस्त्यारस्त्यावर दिसतात. कण्हेर काटक आणि बारमाही. पण तिचे पान, फूल, काडी, सारेच विषारी आहे, आणि पिवळ्या बिट्टीच्या बिया त्याहून वाईट. घरात रांगते मूल असेल तर दोन्ही टाळावीत. कुंपणासाठी मेंदी. पाली जिल्ह्यातील सोजतची मेंदी देशभर जाते, म्हणजे ही जमीन तिला किती मानवते ते निराळे सांगायला नको. छाटली तर दाट होते, न छाटली तर सुगंधी तुरे देते. पश्चिमेची भिंत तापत असेल तर गच्चीवरून खाली सोडण्यासाठी इकडे ‘परदा बेल’ नावाचा पडद्यासारखा लोंबणारा वेल लावतात, तो खरोखर उपयोगी आहे. बोगनवेल ही दक्षिण अमेरिकेची, एका फ्रेंच दर्यावर्दीचे नाव धारण करणारी. पण तिच्याइतके जयपूर दुसऱ्या कोणाला मानवले नसेल. आपण जिला फूल म्हणतो ती रंगीत पानेच असतात, खरे फूल आत पांढरे, इवलेसे. तिला पाणी कमी पडले की रंग चढतो आणि भरपूर मिळाले की नुसती पाने माजतात. बोगनवेल फुलत नाही अशी तक्रार करणाऱ्याने तिला पंधरा दिवस विसरून जावे.

हंगामी फुलांच्या बाबतीत मात्र जयपूरने मराठी माणसाला जे नाकारले त्याची भरपाई व्याजासकट केली आहे. मुंबईच्या दमट हिवाळ्यात जी फुले रडतखडत येतात ती येथे वेड लावतात. सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरमध्ये बी पेरावे. जानेवारी ते मार्च या काळात पिटुनिया, फ्लॉक्स, कॅलेंड्युला, पॅन्सी, सुगंधी स्वीट पी, भिंतीलगत माणसाहून उंच गुलखैरा. त्याआधी नोव्हेंबर-डिसेंबरात शेवंती. गुलाबाची छाटणी ऑक्टोबरच्या मध्यास केली की डिसेंबरापासून येणारे फूल पुण्याच्या एम्प्रेस बागेतील पुष्पप्रदर्शनात ठेवावे असे निघते. आणि ही सारी संपत्ती हिवाळ्यातील, म्हणजे पाणी कमी लागण्याच्या दिवसांतील. मार्चअखेरीस वाफे रिकामे होतात तेव्हा ते रिकामे राहू द्यावेत. ज्याला राहवत नसेल त्याने सदाफुली आणि चिनी गुलाब लावावेत. ती दोन्ही उन्हाला भीत नाहीत.

लावण्याची रीत थोडक्यात अशी. झाडासाठी तीन फूट लांब, रुंद व खोल असा खड्डा मेमध्येच खणून उन्हात तापू द्यावा. रेताड जमिनीत वाळवी फार, म्हणून भरताना कुजलेल्या शेणखताबरोबर निंबोळी पेंड मिसळावी. रोहिड्याच्या खड्ड्यात खत थोडेच. दुसरा किंवा तिसरा चांगला पाऊस पडल्यावर रोप लावावे, आणि बुंध्याशी वाळलेल्या पानांचे आच्छादन पसरावे. पहिल्या दोन हिवाळ्यांत कोवळ्या रोपाभोवती गवताचे खोपटे उभारावे. ते तीन बाजूंनी बंद आणि आग्नेयेस उघडे असावे, म्हणजे सकाळचे ऊन आत शिरते. पाणी देताना रोज थोडेथोडे न देता दोन-तीन दिवसांनी भरपूर द्यावे. रोजच्या घोटभर पाण्याने मुळे वरच्या वरच राहतात आणि पहिल्याच लूमध्ये झाड उभे वाळते.

तिसऱ्या वर्षीच्या मेपर्यंत बहाव्याचे व रोहिड्याचे पाणी हळूहळू तोडत आणलेले असावे. दुपारी पाने थोडी मलूल दिसतील आणि सकाळी पुन्हा सावरतील. माळी सवयीने नळी घेऊन बुंध्याशी येईल. त्याला हातानेच थांबवावे, आणि नळी मोगऱ्याच्या वाफ्याकडे वळवायला सांगावी.